उकळलेल्या तारा

मित्रांनो, मी एक जुनी बास गिटार आहे, आणि बाकी काही सांगण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करते. माझ्या दोन तारा तुटलेल्या नाहीत. मला मुळातच चार तारा असतात. गेली सतरा वर्षे नाशिकमधल्या हळदीच्या कार्यक्रमांत, कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये आणि गणपतीच्या मंडपांत कोणी ना कोणी पुढे येतो, माझ्याकडे बोट दाखवतो आणि विचारतो, "दोन तारा तुटल्या वाटतं?" एका मंडळाच्या अध्यक्षांनी तर माइकवरून जाहीर केले की, कलाकारांच्या तुटलेल्या दोन तारा मंडळातर्फे बसवून देण्यात येतील. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझा मालक रविराज मान खाली घालून हसला आणि मी आतल्या आत धुमसत राहिले.

साध्या गिटारीला सहा बारीक तारा असतात आणि सगळे तिच्याकडे बघतात. माझ्या तारा जाड आणि लांब, म्हणून माझा आवाज खालचा. गाणे ऐकताना छातीत जे धपधप जाणवते ना, ती मी. गाणारा गातो, ड्रमवाला ताल धरतो आणि त्या दोघांना बांधून ठेवायचे काम माझे. मी वाजत असते तेव्हा मला कोणी विचारत नाही. मी थांबले की मात्र सगळे एकमेकांकडे बघतात आणि म्हणतात, गाणं एकदम पोकळ का झालं? असल्या नोकरीत स्वभाव तापट होतोच, तेव्हा माझ्या बोलण्याचा राग मानू नका.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. त्या देशाचे नाव माझ्या मानेमागे चिकटवलेल्या कागदावर होते, पण तो कागद पहिल्याच उन्हाळ्यात हाताच्या घामाने निघून गेला. एवढे आठवते की मला लाकडाच्या फळीतून कापले, घासले, काळा-तांबडा रंग दिला, मान जोडली आणि तारांखाली पिकअप बसवला. पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती बारीक तारेची गुंडाळी. माझी तार थरथरली की तो त्या थरथरीची वीज करतो. ती वीज वायरीतून ॲम्प नावाच्या खोक्यात जाते आणि तिथून माझा आवाज मोठा होऊन बाहेर पडतो. माझ्या अंगावर दोन नॉब आहेत. एक आवाज लहानमोठा करतो. दुसरा ट्रेबलचा. तो वर केला की आवाजाला धार येते, खाली आणला की आवाज गोल आणि मऊ होतो. या दुसऱ्या नॉबने पुढे माझा जीव खाल्ला.

नाशिकला मी आले ती वाद्यांच्या एका दुकानात. एका बाजूला हार्मोनियम आणि दुसऱ्या बाजूला भजनी मंडळांचे टाळ, मध्ये मी टांगलेली. गिऱ्हाईक यायचे, माझ्या तारेला टिचकी मारायचे. ॲम्पला न लावता माझा आवाज जेमतेम येतो. मग ते दुकानदाराला सांगायचे, "हिचा आवाज गेलेला दिसतो." दीड वर्ष मी हे ऐकून घेतले.

मग एका दिवाळीला रविराज आला. तो मूळचा वणीजवळच्या खेड्यातला. अंबडच्या एका कारखान्यात पत्रा दाबून त्याचे भाग काढणाऱ्या प्रेस मशीनवर तो नुकताच कामाला लागला होता. दुकानदार त्याला सहा तारांच्या गिटारी काढून दाखवत होता. रविराज म्हणाला, "नाय, मला ती खालची पाहिजे. गाण्यात असते पण दिसत नाय ना, ती." तोपर्यंत मला इतके बरोबर कोणीच ओळखले नव्हते. त्या दिवशी मला फार आनंद झाला, हे कबूल करते.

त्याने कारखान्यातले दोघे आणि जुन्या नाशकातला नईम पिंजारी यांना गोळा करून बँड काढला. सगळे नोकरीधंद्याचे लोक. सुट्टी असेल तेव्हाच जमायचे, म्हणून बँडचे नाव ठेवले 'साप्ताहिक सुट्टी'. नईमचा गाद्या-उशांचा धंदा होता. दुकानामागे त्याचे कापसाचे गोदाम होते आणि सराव तिथेच चालायचा, कारण चारी बाजूंनी कापसाच्या गाठी रचलेल्या असल्या की शेजारी तक्रार करत नाहीत. नईम ड्रम वाजवायचा. हळू वाजवणे त्याला जमतच नसे. गाणे अंगाईचे असो की लेझीमचे, नईमचा हात तोच.

आता बँडची एक रीत सांगते. बास वाजवणाऱ्याने ड्रमच्या अगदी शेजारी उभे राहायचे, आणि तेही हाय-हॅटच्या बाजूला. हाय-हॅट म्हणजे स्टँडवर बसवलेली झांजांची जोडी. ड्रमवाला तिच्यावर सतत टिकटिक करतो आणि ती टिकटिक धरून मी चालते. रीत चांगली आहे. फक्त तिच्यामुळे रविराजचा उजवा कान त्या झांजांपासून हातभर अंतरावर असायचा. दर रविवारी तीन तास. आणि सोमवारपासून कारखान्यात प्रेसची धाडधाड होतीच.

नईम स्वतः मात्र पहिल्या दिवसापासून कानांत कापूस घालून वाजवायचा. त्याने गाठीतून ओढलेला कापूस रविराजपुढेही धरला होता.

"ले भाई, घाल कानात. मेरा हाथ भारी है."

"कानात कापूस घालून मी बास काय ऐकू?" रविराज म्हणाला, आणि सगळे हसले.

छतापर्यंत कापूस रचलेल्या खोलीत तो पंधरा वर्षे उघड्या कानांनी उभा राहिला, मित्रांनो. मी हे डोळ्यांनी पाहिले आहे आणि आजही मला त्याचा संताप येतो.

तरी पहिली सात-आठ वर्षे आमची मजेत गेली. रविराज रोज संध्याकाळी कामावरून आला की हात धुऊन मला मांडीवर घ्यायचा. मऊ फडक्याने मान पुसायचा. पेठच्या एका कॉलेजच्या गॅदरिंगला आम्ही वाजवले, तेव्हा पाठीमागच्या बाकांवरची मुले उठून नाचली. कार्यक्रमानंतर साउंडवाला स्वतः चालत आला आणि म्हणाला, "बास कोणाचीय? मस्त बसलीय." माझ्याबद्दल कोणी एवढे बोलण्याची ती पहिली वेळ. रविराजने ते वाक्य घरी जाऊन बायकोला, स्नेहलला, तीनदा सांगितले. स्नेहल द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये दिवसभर उभी राहून माल तपासते. ती पाय चेपत म्हणाली, "बसली असेल. मलाही जरा बसू द्या." ती मला कधीच ऐकायला बसली नाही. एवढ्या वर्षांत तिने मला फक्त झाडू मारताना उचलले आणि बाजूला ठेवले.

त्याच काळात रविराजने एक उद्योग केला. कारखान्याने सगळ्या कामगारांना कानात घालायला नारिंगी फोमचे प्लग दिले होते. आता जुन्या गाण्यांत बासचा आवाज ठुप् ठुप् असा बुजका येतो. तसा आवाज काढायला वाजवणारे लोक तारांखाली फोमचा तुकडा दाबून बसवतात. रविराजने कानात घालायचे ते प्लग घरी आणले आणि माझ्या तारांखाली कोंबले. रविवारी सगळ्यांना वाजवून दाखवले. म्हणाला, "कंपनीकडून टोन फुकट." सगळ्यांनी वाहवा केली, नईमनेसुद्धा. पुढे कंपनी नवी जोडी द्यायची आणि ती मला मिळायची. प्रेसवर तो मोकळ्या कानांनी उभा असायचा आणि माझ्या तारा घरी भिंतीला टेकून आवाजापासून सुरक्षित असायच्या. मला तोंड असते तर मी त्याला तेव्हाच चार शब्द सुनावले असते.

टोन हा शब्द आता मला नकोसा झाला आहे. टोन म्हणजे आवाजाचा पोत. कापडाला जसा असतो तसा. माझा पोत पहिल्या दिवसापासून आजपर्यंत तोच आहे. पण चार-पाच वर्षांपूर्वी रविराज म्हणू लागला, "आवाज गढूळ येतोय. पहिल्यासारखी तार बोलत नाय." त्याने आधी तारांखालचे प्लग काढून कचऱ्यात टाकले. ते कानात घालावेत असे त्याला तेव्हाही सुचले नाही. मग ट्रेबलचा नॉब थोडा वर केला. सहा महिन्यांनी आणखी थोडा. फोन तो डाव्या कानाला लावू लागला होता, टीव्हीचा आवाज वाढवू लागला होता, आणि दोष मात्र माझ्यात शोधत होता.

मग त्याने माझ्या तारा उकळल्या. हसू नका, बास वाजवणारे हे करतात. जाड तारांच्या वेटोळ्यांत घाम आणि मळ बसतो आणि आवाज मंद होतो. नव्या तारा परवडत नाहीत, म्हणून जुन्या काढून पाण्यात दहा मिनिटे उकळायच्या, पुसायच्या, वाळवून परत चढवायच्या. काही दिवस त्या खरोखर नव्यासारख्या झणझणतात. रविराजने त्यासाठी स्नेहलचे दुधाचे पातेले घेतले. मी तारांशिवाय जेवणाच्या टेबलावर पडले होते. दुसऱ्या शेगडीवर डाळीचा कुकर होता. स्नेहल गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली होती आणि जाताना सांगून गेली होती, "तीन झाल्या की बंद करा."

तीन शिट्ट्या झाल्या. पाच झाल्या. रविराज कुकरपासून दोन फुटांवर उभा राहून पातेल्यात चमच्याने तारा हलवत होता. सात झाल्या, आठ झाल्या. खोलीत जळका वास पसरला तेव्हा त्याने मान वर केली. स्नेहल धावत खाली आली.

"किती शिट्ट्या झाल्या?"

"झाली असंल एखादी."

"गच्चीवर मी आठ मोजल्या. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी हाक मारून विचारलं, डाळ शिजवताय की दगड."

"तारांकडे लक्ष होतं गं."

"तुमचं लक्ष कायम त्या गिटारीतच असतं," स्नेहल म्हणाली. तिने पातेले उचलून पाहिले. त्याच्या तळाला काळपट कड आली होती. ते पातेले तिने मोरीत आपटले आणि माझ्याकडे असे पाहिले, जसे काही डाळ मी जाळली होती. मला एकदा तरी कोणीतरी विचारायला हवे होते. माणूस दोन फुटांवरची कुकरची शिट्टी ऐकत नाही, तर त्यात गिटारीचा काय दोष?

उकळलेल्या तारा परत चढवल्या. त्या अशा खणखणीत वाजल्या की शेजारचे कुत्रे उठून बसले. रविराज म्हणाला, "अजून गढूळच." मग नव्या तारा आल्या. मग त्याने माझे पोट उघडून जुना पिकअप काढला आणि नवा बसवला. जुन्या पिकअपशी माझी पंधरा-सोळा वर्षांची सोबत होती. तो वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर गेला. मग पायाने दाबायची पेडले आली, आवाजाला धार लावणारी, धारेवर धार लावणारी. रविराज रोज संध्याकाळी गुडघ्यांवर बसून ती पेडले पिळायचा आणि मी किंचाळत राहायचे. ट्रेबलचा नॉब आता शेवटपर्यंत गेला होता. कंटाळा, मित्रांनो, कंटाळा आला होता मला. ज्या गोष्टीत बिघाड नाही ती रोज दुरुस्त होत असते, तेव्हा ती खरोखर बिघडते.

बँडलाही हे जाणवू लागले. एका हॉटेलच्या कार्यक्रमात गाणाऱ्याने मध्येच मागे वळून कानावर हात ठेवला. कार्यक्रम संपल्यावर नईमने रविराजला बाजूला घेतले.

"रवी, तुझी बास कानात सुई लावतेय. पब्लिक उठून जातंय यार."

"मला तर ऐकूच येत नाय नीट. मी आणखी वाढवणार होतो."

"वाढवू नकोस. हे बघ, डिसेंबरला मोठा कार्यक्रम आहे. तोपर्यंत आवाज ठीक कर. नाहीतर त्या दिवसापुरता दुसरा बासवाला बघतो आम्ही. बुरा मत मान."

रविराजने बुरा मानला. बँड त्याने उभा केला होता. कारखान्यात तो प्रेस नंबर चारवरचा एक माणूस होता आणि त्या गोदामात तो रविराज होता, एवढा साधा हिशेब होता. घरी आल्यावर त्याने मला भिंतीला टेकवले आणि माझ्याकडे बघत बसला. मग स्नेहलला म्हणाला, "हिच्यात आता राम उरला नाय. विकून टाकतो आणि नवी घेतो."

सतरा वर्षांनी हे ऐकले. पण माझे दुःख बाजूला ठेवते. मला पुढचे दिसत होते. मी जाणार, नवी येणार, तीही महिनाभरात गढूळ होणार. तो तिच्याही तारा उकळणार. नईमच्या झांजा आणि प्रेसची धाडधाड चालूच राहणार आणि उरलेला कानही जाणार. मग नईमला दुसरा बासवाला बघावाच लागेल, कायमचा. हे सगळे मला कळत होते आणि सांगायला माझ्याकडे काय होते? चार तारा. त्याही मी स्वतः वाजवू शकत नाही.

रविराजने मोबाइलवर विक्रीसाठी माझा फोटो टाकला आणि चौथ्या दिवशी एक मुलगी मला बघायला आली. तिचे नाव दिशा. ती पेठची, पंचवटीत खोली घेऊन शिकत होती आणि कॉलेजच्या बँडमध्ये बास वाजवत होती. स्वतःची वायर घेऊन आली होती, तेव्हाच मला ती आवडली. रविराजने तिला खुर्ची दिली आणि सरळ सांगितले, "खोटं बोलून विकत नाय मी. हिचा आवाज गढूळ येतो. लय इलाज केले."

दिशाने मला मांडीवर घेतले, ॲम्पला जोडले आणि एकच तार छेडली. ती दचकून मागे सरकली.

"काका, ट्रेबल फुल्ल का ठेवलंय?"

"फुल्ल ठेवूनसुद्धा असं वाजतंय ना."

"गढूळ म्हणताय तुम्ही? माझ्या दातात कळ गेली." तिने नॉब पूर्ण खाली आणला आणि तीच तार छेडली. मग पूर्ण वर नेला आणि पुन्हा छेडली. "आता फरक सांगा."

"कसला फरक?" रविराज म्हणाला. "सेम तर हाय."

स्नेहल पाण्याचा ग्लास घेऊन दारात आली होती. ती तिथेच थांबली. "सेम कसं?" ती म्हणाली. "पहिलं गादीवर काठी मारल्यासारखं वाजलं आणि दुसरं ताट पडल्यासारखं."

रविराजने तिच्याकडे पाहिले, मग दिशाकडे. त्याला वाटले, दोघी मिळून चेष्टा करताहेत. दिशाने त्याला भिंतीकडे तोंड करून उभे राहायला सांगितले. स्नेहलने ग्लास खाली ठेवला आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्या नॉबला हात लावला. तिने तो कधी वर केला, कधी खाली, आणि दिशा तार छेडत राहिली. रविराज भिंतीकडे बघून सांगत होता. वर. वर. खाली. वर. सहापैकी चार वेळा तो चुकला. पाचव्या वेळेनंतर त्याचा आवाज बारीक झाला होता.

दिशाने मला हळूच खाटेवर ठेवले. "काका, हिला काही झालेलं नाही," ती म्हणाली. "मी नाही घेत. तुम्ही आधी कान दाखवून या." आणि पाणी न पिता ती गेली.

मित्रांनो, मी निर्दोष ठरले होते. एवढी वर्षे मी याच क्षणाची वाट बघत होते. पण रविराज भिंतीकडे तोंड करून तसाच उभा होता आणि स्नेहलने त्याच्या पाठीवर हात ठेवला होता. मला अजिबात आनंद झाला नाही.

दवाखान्यात मी गेले नाही. पण तपासणीचा कागद टेबलावर माझ्या शेजारीच पडला होता. त्यावर दोन कानांच्या दोन रेघा होत्या. दोन्ही डावीकडून सरळ चालत येत होत्या आणि मग खाली कोसळत होत्या. डावी थोडी, उजवी खूप. जो आवाज त्यांतून गेला होता तो नेमका वरचा, धारेचा होता. डॉक्टरांनी काय सांगितले ते स्नेहलने फोनवर नईमला सांगितले. गेलेले परत येत नाही. उजव्या कानाला मशीन लावावे लागेल, त्याने माणसांचे बोलणे कळेल, पण पूर्वीसारखे ऐकू येणार नाही. उरलेले जपायचे असेल तर प्रेसवर आणि सरावाला चांगले प्लग घालावेच लागतील, साधा कापूस पुरत नाही. डॉक्टरांनी विचारले होते, कंपनी प्लग देत नाही का? "तेव्हा हे खाली बघत बसले," स्नेहल म्हणाली.

त्यानंतर रविराजने मला कव्हरमध्ये घालून कपाटावर ठेवले. ॲम्पवर स्नेहलने इस्त्रीचे कपडे ठेवायला सुरुवात केली. अडीच महिने मी अंधारात पडून होते. माझी मान दमट हवेने वाकली, तारा उतरल्या. रविवार येत होते आणि जात होते. रविराज घरीच असायचा. टीव्ही बंद ठेवायचा, कारण आवाज वाढवायला त्याला लाज वाटायची. कानाला मशीन लावून तो बाल्कनीत बसून राहायचा. मी चिडायचे कोणावर? ज्याच्यावर चिडायचे तो तर स्वतःवरच माझ्यापेक्षा जास्त चिडला होता.

एका रविवारी सकाळी नईम घरी आला. नेहमी मोठ्याने बोलणारा माणूस त्या दिवशी सावकाश बोलत होता, रविराजच्या डाव्या बाजूला बसून.

"भाई, माझ्या झांजेने तुझा कान खाल्ला," तो म्हणाला. "मैं तो रुई डालके बैठा था. तुला जबरदस्तीने घालायला पाहिजे होती."

"तू दिली होती. मीच घातली नाय."

"बरं, आता ऐक. दुसरा बासवाला आणला होता आम्ही. दोन रविवार टिकला. हात चांगला आहे त्याचा, पण गाणं बसत नाही. तू ये."

"येऊन काय करू?" रविराज म्हणाला. "बोटं चालतील रे. खालचा आवाज येतो मला, धपधप कळते. पण ती कशी वाजतेय ते कळत नाय. टोन कसा लावू? पुन्हा तुमच्या कानात सुया लावू का?"

तेव्हा आतून भांड्यांचा आवाज थांबला आणि स्नेहल ओले हात पदराला पुसत बाहेर आली.

"तुम्हाला नाही ऐकू येत, मला येतं ना," ती म्हणाली.

तिनेच खुर्चीवर चढून मला खाली काढले. कव्हर उघडले, ओल्या हातांनी नको म्हणून आधी हात पुन्हा पुसले, मग माझी धूळ झटकली. इस्त्रीचे कपडे उचलून खाटेवर टाकले. रविराजने खुंट्या पिळून तारा चढवल्या. स्नेहल समोर खुर्ची ओढून बसली, पाठ ताठ करून. सतरा वर्षांत ती पहिल्यांदा मला ऐकायला बसली होती.

रविराज एक साधी चाल वाजवत राहिला. स्नेहल सांगत होती.

"कमी करा. अजून कमी. अजून. थांबा, आता फार पोत्यात गेल्यासारखं झालं. जरा वर. हं, तिथेच."

"तिथे कशी येते?"

तिला बँडचे शब्द माहीत नव्हते. तिने थोडा विचार केला. "छातीत येते," ती म्हणाली, "आणि कानाला त्रास नाही. तुम्ही लग्नानंतर पहिल्यांदा मला वाजवून दाखवली होती ना, तशी येते. मी तेव्हा भांडी घासत होते, पण ऐकत होते."

रविराज वाजवायचा थांबला. त्याने मान खाली घातली. नईम उगाचच खिडकीबाहेर बघू लागला. मग स्नेहल उठली, आतून लाल नेलपॉलिशची बाटली घेऊन आली आणि नॉबवर एक आणि त्याच्यासमोर माझ्या अंगावर एक असे दोन ठिपके दिले. म्हणाली, "ठिपक्यासमोर ठिपका. बाकी कशाला हात लावायचा नाही." काळ्या-तांबड्या रंगावर नेलपॉलिश. एरवी मी भडकले असते.

मित्रांनो, गोष्टीच्या शेवटी आम्ही जुन्या वस्तू तुमच्याकडे मागणे मागतो, की आम्हाला जपा, पुसा, अडगळीत टाकू नका. मी ते मागत नाही. माझी तार तुटली तर बाजारात मिळते, पिकअप बदलतो, रंग उडाला तरी मी वाजते. माझे मागणे तुमच्या कानांसाठी आहे. मशीनशेजारी, ढोलाशेजारी, मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंतीशेजारी रोज तासन् तास उभे राहणार असाल, तर कान झाका. कोणी हसले तर हसू द्या. आज जो आवाज तुम्हाला ऐकू येतो तो उद्याही येईल, असे धरून चालू नका.

रविराज आता प्लग घातल्याशिवाय प्रेसला हात लावत नाही. सरावाला तो झांजांपासून लांब, गोदामाच्या दुसऱ्या टोकाला उभा राहतो. डिसेंबरच्या कार्यक्रमातही आम्ही वाजवले. त्याने ठिपक्यासमोर ठिपका लावला आणि मी माझा सगळ्यात चांगला आवाज दिला. मंडप डोलत होता. रविराज मात्र लोकांकडे बघत नव्हता, माझ्याकडेही बघत नव्हता. पहिल्या रांगेत स्नेहल बसली होती, आणि मी कशी वाजते आहे हे तो तिच्या चेहऱ्यावर बघत होता.